वेगळं ताट

साळूबाईंनी आजही आपलं ताट उचललं आणि ओट्यावर जाऊन, घराकडे पाठ करून जेवायला बसल्या.

उज्वला भाकरी घेऊन मागोमाग गेली. "तिथंच ठेव. मी घेते," सासू तोंडावर पदर धरून म्हणाली.

महिना झाला होता याला. आधी ताट वेगळं झालं, मग पेला, मग अंथरूणही ओट्यावर गेलं. चार वर्षांची सायली आजीकडे झेपावली की साळूबाई तिला हातानं लांब करायच्या. पोरीला तर काहीच नव्हतं, तपासणी झाली होती. उज्वलाला हेच सगळ्यांत जास्त लागलं.

एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली ती हरभऱ्याच्या डाळीत खोल पुरून ठेवायची. मध्यंतरी एकदा ती वरच आलेली दिसली. म्हणजे सासूला कळलं होतं. नवऱ्याच्या दहाव्याला नुसत्या संशयावरून सख्ख्या जावेनं तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. तिनं सासूला काही विचारलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी तिनं गोळी घेणंच सोडलं. आपण नसलो तर निदान आजी पोरीला जवळ घेईल, एवढंच तिच्या मनात होतं. पण सरकारी दवाखान्यात उरलेल्या गोळ्या मोजतात. म्हणून रोज एक गोळी काढून ती मोरीत टाकायची.

आज सायलीला अंगणवाडीत सोडून ती दवाखान्यात गेली. समुपदेशक तृप्तीताईंनी गोळ्या मोजल्या. बरोबर भरल्या.

"छान. घरी कसं आहे?"

"चांगलं आहे ताई."

"खोकताय का?"

"धूळ हो. द्वारकेच्या चौकात रिक्षासाठी उभं राहिलं की होतं असं."

ती लवकर परतली. ओट्यावर सासूशेजारी वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई बसल्या होत्या. उज्वला भिंतीआड थबकली.

"आजी, टीबीच्या गोळ्या चालू होऊन महिना झाला. सुनेला अजून सांगितलं नाही?"

"नाय. माझं सांगायचं तर तिचंबी निघंल. तिनं तिचं दुखणं मला सांगितलं नाय, मग मी कोणत्या तोंडानं विचारू? पोरगं मरताना सांगून गेलं, म्हणून मला ठाव हाय. तिच्यात आधीच ताकद नाय. माझं तिला लागू नये म्हणून लांब राहते. नातीला जवळ घेता येत नाय, लय जीव तुटतो."

"आणि तिच्या गोळ्या? त्या घेते ना ती नियमित? नाहीतर तुम्ही नुसतं लांब राहून काय उपयोग?"

उज्वलानं तोंडात पदर कोंबून खोकला दाबला.

साळूबाई महिन्याभरात पहिल्यांदाच हसल्या. "ती आंघोळीला गेली की डाळीत हात घालून मोजते ना मी. रोज एक कमी होते. एक दिवस चुकली नाय पोर."