बावीस पूर्णांक चार

"आकडा बदलायचाय का, गौतमे? शेवटचं इचारतोय. सरावाची फेरीबी घेतली न्हाईस तू." वेळ मोजणाऱ्या भिवाजीकाकांनी ओला बोळा काचेजवळ नेला.

"हात नका लावू त्याला," गौतमी म्हणाली.

जुन्या मारुतीच्या काचेवर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं : २२.४. अक्षर प्राजक्ताताईचं, त्यातला चार जरासा लंगडा. चारशे मीटरच्या शर्यतीत या गाडीला लागणारे सेकंद. शेजारी निरंजनची लालभडक गाडी, तिच्यावर १३.४. फरक नऊ सेकंदांचा, म्हणून गौतमी नऊ सेकंद आधी सुटणार. मात्र स्वतःच्या आकड्याहून जरा जरी लवकर पोचलं की बाद. नाहीतर जो तो खोटा आकडा लिहून फुकटची आघाडी उकळेल!

"तू हो पुढं," निरंजन ओरडला, "मी तवर चहा पिऊन येतो!"

ताई असती तर तिनं त्याला तिथंच गार केलं असतं. ताई बाजूला बसायची. इंजिनाच्या आवाजावर कान ठेवून "टाक!" म्हणायची, की गौतमी गिअर टाकायची. "माझ्या साठ किलोंमुळंच हे खटारं जमिनीवर टिकलंय," हे वर. गेल्या महिन्यात ती लग्न होऊन नागपूरला गेली. काल फोनवर गौतमीनं सांगूनच टाकलं होतं, "तुझ्याच आकड्यावर कप आणते, बघशील!" सकाळी सरावाला मात्र तिचे पाय वळले नाहीत. रिकामी सीट शेजारी घेऊन दोनदा कोण जाणार?

हिरवा दिवा लागला.

गावाबाहेरचा तो प्लॉटिंगचा रस्ता. दोन्हीकडं नुसते खुणेचे दगड, घर एकही नाही. नऊ सेकंद त्या रस्त्यावर ती एकटी. "टाक!" ती स्वतःच ओरडली. आवाज टपाला आपटून परत आला. दुसरा गिअर. तिसरा. आरशात लाल ठिपका दिसला, फुगला, अंगावर आला... पण त्याच्या आधी रेषा तिच्या चाकांखालून गेली.

गौतमीनं हॉर्न दाबूनच धरला. दुसऱ्या हातानं ती ताईचा नंबर शोधत होती, तेवढ्यात भिवाजीकाका मोटरसायकलवरून आले. हातात चिठ्ठी. २१.९.

"बाद," ते म्हणाले. "अर्धा सेकंद लवकर आलीस. इंजिनात काय केलंस?"

"देवाशप्पथ, काही नाही! ताई गेल्यापासून बॉनेटसुद्धा उघडलं नाही मी."

काका खिडकीशी वाकले. बाजूच्या सीटचा पट्टा तिनं सवयीनं लावून ठेवला होता. त्या पट्ट्याकडं ते जरा वेळ बघत राहिले.

"हा आकडा दोघींचा हाय, पोरी," ते म्हणाले. "एकटीला घिऊन गाडी हलकी पळती."