संत विसेंतच्या विहिरीचं पाणी

माझी रोझेर तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. म्हणून सणाच्या दिवशी सासूबाई आम्हाला व्हॅलेन्सियात संत विसेंतच्या जन्मघरी घेऊन आल्या. सहाशे वर्षांपूर्वी या संताच्या प्रवचनाला गावंच्या गावं लोटायची. त्याच्या विहिरीचं पाणी प्यायलं की पोरांना वाचा फुटते म्हणे. सुजल्या गुडघ्यांनी सासूबाई दोन तास रांगेत उभ्या होत्या. मागची बाई हसली, "आजी, जपून पाजा, मग थांबायची नाही!" रोझेरनं पेला रिकामा केला. आजीकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "ही म्हातारी मरत का नाही एकदाची?" शब्द माझे, सूरही माझाच. माझी मान वर होईना. सासूबाईंनी नातीचा मुका घेतला. "बोलली गं माझी बाय!" पेला पुन्हा भरून माझ्यापुढे धरला. "आता तू पी. मग काय ते तोंडावर बोल."