झाळायला दिलेला बंब

भिंतीवरचा गॅस गिझर अजून पेटायचा होता, तेवढ्यात दाराशी चतुराबाई येऊन उभी राहिली. अंगावर कोरं लुगडं, हातात तिळगुळाची पुडी. सोळा वर्षांनी! दगडाबाईनं आधी ओळखलंच नाही, आणि ओळखलं तेव्हा तिचे डोळेच भरून आले.

"अगं बाई, चतुरे! ये, आत ये की. आज करीच्या दिवशी बरं येणं केलंस?"

"काल कुठं सवड होती?" चतुराबाई हसली. "काल विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. आमची अख्खी वस्ती नाचत होती. म्हणलं, गावातलं आपलं माणूस पुंडलिकनगरात राहतंय, पत्ता काढावा, तिळगूळ द्यावा. आन् माझा बंब पण न्यावा."

ह्याच नावापायी अठ्ठ्याहत्तर साली गावात घरं पेटली होती. चतुराबाई दोन पोरं घेऊन निघाली. आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब, नवऱ्यानं रेल्वेच्या पगारातून घेतलेला. तो डोक्यावर घेऊन पळणार कुठं? दगडाबाईच्या पडवीत ठेवला आणि म्हणाली, "सांभाळ." दगडाबाई म्हणाली, "जिवासारखा सांभाळीन." तेवढंच बोलणं. पुढं कारभारी, म्हणजे दगडाबाईचा नवरा, चिकलठाण्याला कंपनीत लागला. गाव सुटलं, पण बंब सोबत आला. वापरला, हे खरं. पण दर सणाला चिंचेनं घासलाही.

"बंब तांबटाकडं झाळायला दिलाय गं," दगडाबाई म्हणाली. "बुडाशी गळत होता. आठ दिवस झाले. तुझी वस्तू तुला नीट करूनच मिळायची होती बघ." मग न्हाणीकडं तोंड करून, "अहो, कधी मिळणार बंब?"

कारभारी न्हाणीच्या दारात उभा राहून मिस्त्रीचं काम बघत होता. करीच्या दिवशी नवं काही लावू नका, असं दगडाबाई कालपासून सांगून दमली होती. पण मिस्त्रीला आजच सवड होती, आणि ह्याला धीर कुठला!

"मिळंल की," तो न वळताच म्हणाला.

मोतीराम मिस्त्री कामाला चोख, तोंडाला मोकळा. नळीला साबणाचा फेस लावून गॅस गळतोय का ते बघत आतूनच बोलला, "कोणता बंब, मावशी? मोडीत दिला तो? तो आता कुठला मिळतोय! आमच्या दुकानच्या शेठनी त्याच दिवशी फोडायला पाठवला. काय तांबं होतं पण! त्याच्यावरच तर हा गिझर आला तुमच्याकडं."

दगडाबाई नवऱ्याकडं बघतच राहिली. आठ दिवस हा माणूस जेवताना सांगत होता की सणाचे दिवस आहेत, तांबटाकडं गर्दी आहे. आणि ही खुळी रोज पातेल्यात पाणी तापवून ह्याच्या आंघोळीला देत होती.

"अहो, तुम्ही तर झाळायला..."

कारभारीनं तिला पुरं बोलू दिलं नाही. चतुराबाईकडं बघून साळसूदपणे म्हणाला, "हिला इचारूनच दिला की! हीच म्हणली, सोळा वर्षं झाली, आता कोण येतंय मागायला."

बंब गेला ते दगडाबाईनं एक वेळ सोसलं असतं. पण ह्यानं तिचा शब्द मोडीत घातला, आणि वर तो पापाचा घडा तिच्याच डोक्यावर ठेवला.

"खोटं हाय! चतुरे, तुझ्या गळ्याची शपथ, मला ठाऊकच नव्हतं गं!"

चतुराबाईनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"असंल," ती म्हणाली. कुणाचं खोटं, कुणाचं खरं, ते काही बोलली नाही.

आत भप्प झालं आणि निळी ज्योत लागली. "या, हात लावून बघा कोणीतरी!" मोतीराम खुशीत ओरडला. कोणीच हललं नाही, म्हणून चतुराबाईच पुढं झाली. धारेखाली हात धरला.

"लवकर तापतंय," म्हणाली. पदराला हात पुसला. "पाणी दे बाई प्यायला. निघते मी."

दगडाबाई स्वयंपाकघरात गेली. प्यायच्या पाण्याच्या कळशीवरचं झाकण उचललं आणि थबकली. हे बंबाचंच झाकण. पाणी ओतायच्या तोंडावरचं. बिजागरी तुटल्यापासून ती ते कळशीवर ठेवत होती, आणि बंब नेताना कारभारीच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. झाकणं बदलतात म्हणून त्याच्यावरही टिंबाटिंबानं नाव घातलेलं होतं: चतुराबाई भ्र. भिकन, म्हणजे भिकनची बायको.

ती एका हातात झाकण आणि एका हातात भरला तांब्या घेऊन आली. गावात चतुराबाईला वरून ओंजळीत पाणी घालायची रीत होती, दगडाबाईही तसंच घालायची. आज तिनं तांब्याच पुढं केला.

"एवढंच राहिलंय गं. हे तरी ने."

चतुराबाईनं तांब्या रिकामा केला. मग झाकण घेतलं, नावावरनं बोट फिरवलं.

"इतके दिवस कशावर होतं हे?"

"कळशीवर. प्यायच्या पाण्याच्या."

कारभारीनं मान वर केली. त्या झाकणाकडं तो पहिल्यांदाच नीट बघत होता.

चतुराबाईनं तिळगुळाची पुडी दगडाबाईच्या हातावर ठेवली. पुडीवर झाकण ठेवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तुमच्या पाण्यावर माझं नाव राहू दे."