एका बुटाची वाट

साहेबांचे पाय मिठाच्या कोमट पाण्यात होते आणि शाळा बंद होणार ही बातमी ते तिथूनच देत होते.

"मार्चपासून तुमची मुलं खाली मायूपाम्पाच्या शाळेत जातील. वाट सोपी आहे. सरकारी नोंदच आहे तशी. एक बूट."

टबात गरम पाणी ओतता ओतता एर्मेलिंदाचा हात थांबला. साहेबांच्या दोन्ही टाचांची सालटी निघाली होती. शिक्षण खात्याचे हे वाल्दिविएसो साहेब सकाळी त्याच वाटेने खालून निघाले होते. सगळ्या गावाची जेवणं उरकल्यावर, सरपंच निकानोरच्या खांद्यावर भार टाकून, ते तिच्या स्वयंपाकघरात पोचले होते.

"ते बूट परदेशी लोकांसाठी आहेत, साहेब," निकानोर म्हणाला. "पाठीवर पिशव्या लावून डोंगर चालत येतात ना, त्यांच्यासाठी."

"बूट तो बूट. माणसाप्रमाणे बदलत नाही."

डोंगरातून जाणाऱ्या त्या लांबच्या पायवाटेवर प्रत्येक गावाखाली एक पाटी लागली होती. पाटीवर एक बूट काढलेला असला तर कुणीही चालावं, दोन असले तर धडधाकट माणसाने, आणि तीन म्हणजे फक्त सरावलेल्यांनी. तीन बूट दिसले की सहलवाले आपली माणसं पलीकडच्या खिंडीने नेत. म्हणून प्रतवारी ठरवणाऱ्यांना गावाने भर ऑगस्टात बोलावलं, इथल्या कोरड्या दिवसांत, वाटेतल्या ओढ्यात पाणी नसताना. खेचरांवर बसवून वर आणलं, सणासारखे गिनीपिग भाजून वाढले. एक बूट मिळाला त्या संध्याकाळी गाव नाचलं होतं. एर्मेलिंदाने तर पाहुण्यांसाठी एक खोली वाढवून चार खाटाही टाकल्या होत्या.

"साहेब, ऑगस्टात त्या ओढ्यातून माझी कोंबडीसुद्धा पार होते," ती म्हणाली. "नोव्हेंबरच्या पावसात या बघायला."

"नोव्हेंबरच चालू आहे, बाई. आणि मी आलोच की."

"आलात कुठे? आणलं तुम्हाला."

निकानोरला हसू आलं. ते त्याने खोकल्यात लपवलं.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी पाय जरासा हलवून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "वाट अवघड आहे असं म्हणता? मग म्हणा. मी वर कळवतो. पाटीवर तीन बूट लागतील आणि शाळा राहील. पण पाटी एकच असते. पोरांना अवघड आणि पाहुण्यांना सोपी, असं नाही चालायचं. काय ते ठरवा."

निकानोर जमिनीकडे बघू लागला. त्याची खेचरं पाहुण्यांच्याच सामानावर जगत होती.

"मावशी, जरा दमानं घे," तो म्हणाला.

बाहेर शाळेत पाढे चालले होते. सगळी मुलं एका सुरात म्हणत होती. एक बारीक आवाज मात्र कायम एक आकडा पुढे धावत होता. ती एर्मेलिंदाची नात, नायेली.

एर्मेलिंदाच्या लहानपणी वर शाळा नव्हती. ही वाट रोज चालणं जमेना, म्हणून बापाने तिला खाली एका दुकानदाराच्या घरी शिकायला ठेवलं. ज्या दिवशी धुणं नसेल त्या दिवशी ती शाळेत जायची. धुणं नाही असा दिवस त्या घरात फारसा उगवला नाही. तिच्याबरोबर गेलेल्या मुली एकेक करून परत आल्या. आपलं नाव वाचता येणारी तीच एकटी.

तिने पातेलं चुलीवर आपटलं.

"तुमचे पाहुणे ही वाट जन्मात एकदा चालतात, साहेब. हौसेने. वर आले की फोटो काढतात आणि माझ्या हातचं सूप पिऊन झोपतात. आमच्या पोरी हीच वाट रोज उतरणार आणि रोज चढणार. शिवाय ओल्या झग्याने वर्गात बसून भागाकार करणार. त्याला किती बूट, तेवढं सांगा मला!"

"तसा हिशेब आमच्याकडे नसतो."

"नसतोच. उंची मोजता, चढ मोजता. चालणारं कोण आहे ते बघितलंत कधी? तीन काढा!"

"मावशी!" निकानोर कळवळला. "आणि तुझ्या नव्या खाटा?"

"माझ्या खाटांची काळजी तू नको करूस. तुझ्या खेचरांचं दुखणं सरळ बोल."

निकानोरने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग मान वर न करताच म्हणाला, "काढा, साहेब. तीन काढा."

"ठीक आहे. गेल्या गेल्या कळवतो," साहेब म्हणाले. त्यांनी पाय पुसले, मोजे चढवले. बुटात टाच घालताना तोंड वाकडं झालं. "निकानोर, खाली जायला एखादं खेचर मिळेल ना?"

निकानोर उठलाही होता. एर्मेलिंदाने त्याला दंडाला धरून खाली बसवलं.

"खेचर कशाला, साहेब?" ती दाराची कडी काढत म्हणाली. "तुम्ही कळवेपर्यंत वाट सोपीच आहे."