जांभळाला काय घालायचं

"ॲसिड नको. आठ दिवसांत पानं करपतात आणि लगेच कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकतं," शर्मिष्ठा म्हणाली आणि तिने आणखी एक कोथिंबीर वडी उचलली.

सोसायटीची कमिटी नीलाकाकूंच्या बाहेरच्या खोलीत जमली होती. पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या गॅलरीला टेकलेलं जांभळाचं झाड मारायचं कसं, एवढाच विषय होता. जिवंत झाड तोडायचं तर परवानगीच्या मागे चपला झिजतात. वाळलेलं झाड मात्र बिनबोभाट पाडता येतं. आणि झाड उभं असेपर्यंत बिल्डर नव्या इमारतीच्या कागदांवर सही करायला तयार नव्हता.

मारण्याच्या गोष्टी निघाल्या की माणसं चवीने खातात, हे नीलाकाकूंना आज नव्याने कळलं. वड्यांची ताटली त्यांनी दुसऱ्यांदा भरून आणली.

"मिठाचं पाणी," तळमजल्यावरचा सुयोग म्हणाला. त्याच्या पांढऱ्या गाडीवर दर जूनमध्ये जांभळांचा सडा पडायचा, म्हणून त्याचा या झाडावर दात होता. "यूट्यूबवर आहे ना. हळूहळू मरतं, कुणाला पत्ता लागत नाही."

"हिंग," सेक्रेटरी दशरथ म्हणाला. "आमच्या गावी भाऊबंदकीत फणस असेच मारायचे. बुंध्याला भोक, आत हिंग, वरून शेणाचा लपका. पुढच्या वर्षी झाड उभ्याउभ्या खलास. आणि मारणाराच हळहळायला पहिला हजर."

सगळे हसले. आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला, तसं हसणं थांबलं.

नीलाकाकूंचे यजमान शरच्चंद्र आत पलंगावर होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे चार माणसांनी खुर्चीत घालून जिना उतरवायचं. दर वेळी नीलाकाकू दारोदार जाऊन माणसं गोळा करायच्या, आणि दर वेळी कुणाची तरी मीटिंग असायची. नव्या इमारतीत लिफ्ट येणार होती. लिफ्ट हा शब्द ऐकला तरी त्यांना रडू यायचं, इतक्या त्या थकल्या होत्या. पण शरच्चंद्रांचा पलंग खिडकीशी होता, आणि दिवसभर त्या झाडाकडे बघत पडायचं, एवढंच त्यांना उरलं होतं.

"काकू, काम तुमच्याकडेच येणार," दशरथने आवाज खाली आणला. "भोक आम्ही पाडतो, नळी तुमच्या गॅलरीपर्यंत आणून देतो. तुम्ही फक्त रोज सकाळी तांब्याभर मिठाचं पाणी ओतायचं. बघणाऱ्याला वाटेल, कुंड्यांना घालताय."

"मीच का?"

"तुमच्यावर कोण संशय घेणार?" शर्मिष्ठा म्हणाली.

"आणि काकांसाठीच चाललंय ना सगळं," सुयोगने जोड दिली.

नीलाकाकूंनी रिकामी ताटली उचलली. मग "बरं" म्हणाल्या.

मंडळी गेल्यावर त्या आत आल्या. मधल्या दाराला नुसता पडदा होता. शरच्चंद्र टक्क जागे होते.

"कधीपासून?" त्यांनी जड जिभेने विचारलं.

"सोमवारपासून." नीलाकाकू उगाचच चादर नीट करू लागल्या. "लिफ्ट होईल हो. तुम्हाला खाली नेता येईल. मला आता नाही होत."

"माहितीये."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं नीलाकाकूंना वाटलं. भांडून तरी मोकळं होता आलं असतं.

शरच्चंद्रांनी चालत्या हाताने पलंगाची कड थोपटली.

"रविवारी सुयोगला बोलाव. हा पलंग त्या भिंतीकडे फिरवून घे."

"का?"

"मी बघत राहिलो तर तुझ्या हातून व्हायचं नाही."