कावळा शिवेना

"हिला इथं कुणी बोलावलं?" बायडाबाईनं आवाज चढवला नाही, तरी घाटावर सगळ्यांना ऐकू गेलं.

सोनीबाई पदर सावरून पायरीवर बसली. "सुतक मलाबी हाय. गेणू पुतण्या व्हता माझा."

गेणभाऊचा दहावा होता. बायडाबाई त्याची बायको. आणि त्याच्या खुनासाठी नऊ दिवस कोठडीत पडलेला सुनील हा सोनीबाईचा एकुलता एक लेक.

येडगावात दोन्ही घरांची विहीर सामाईक. पाण्याच्या पाळीवरून सुनीलनं बेल्ह्याच्या बैलबाजारात गेणभाऊची गचांडी धरली होती. "पुन्हा पाळी मोडलीस तर मुडदा पाडीन," असं चारचौघांत बोलला होता. तिसऱ्या दिवशी भर दुपारी गेणभाऊ विहिरीपाशी मेलेला सापडला. डोक्यात मागून खोरं घातलेलं. खोरं सुनीलच्या घरचं.

झालं, गावाला एवढं पुरलं. रागाच्या भरात माणूस काय बोलत नाही? पण बाजारात ज्यांनी काडी टाकून मजा बघितली, तेच साक्ष द्यायला चौकीत सगळ्यात पुढं. सुनीलच्या घरावर दगड पडले. त्याच्या गाईचं दूध कुणी घेईना.

सोनीबाई चौकीत गेली होती.

"माझ्या लेकानं न्हाई मारलं. तापानं घरी पडला व्हता त्यो."

"तुमी व्हता का घरी?" जमादारानं विचारलं.

"न्हाई. पर मला पक्कं ठाऊक हाय."

"समद्या आयांना पक्कंच ठाऊक असतं, आजी." जमादार हसला आणि त्यानं वही मिटली.

त्या हसण्यानं तिच्या अंगाची आग झाली. म्हातारी बाई, त्यातून आई, तिचं बोलणं काय मनावर घ्यायचं! आणखी दोन प्रश्न विचारायची तसदीही कुणी घेतली नाही.

आज घाटावर तेच. श्रद्धांजलीच्या भाषणांत पुढाऱ्यांनी सुनीलला नाव घेऊन खुनी ठरवलं आणि लोकांनी माना डोलावल्या. कोर्टाची गरजच काय?

पिंड मांडला. कावळे बाभळीवर बसून राहिले, एकही खाली येईना. मेलेल्याची काही इच्छा राहिली असणार. ती पुरी करायचं कुणीतरी कबूल करायला हवं.

गेणभाऊचा मुलगा आदेश पुढं झाला. "आबा, सुनील फासावर गेल्याबिगर पायात चप्पल घालणार न्हाई."

कावळे हलले नाहीत.

बायडाबाईनं शब्द दिला, "तुमची बैलजोडी इकणार न्हाई." तरी नाही. ऊन चढलं. भावकीतले वडीलधारे चांगदेव दर्भाचा कावळा करायला बसले.

तेव्हा सोनीबाई उठली. आदेश आडवा आला.

"तुझ्या लेकानं मारायचं आन् तू हात जोडायचं, व्हय गं आजी?"

"माझ्या लेकाचं नाव घेऊ नगंस," ती म्हणाली.

"जाऊ दे तिला," चांगदेव म्हणाले. "गेणू तिच्याच मांडीवर वाढला."

ती पिंडासमोर वाकली, हात जोडून काहीतरी पुटपुटली आणि मागं सरली. तोच एक कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच मारली.

आदेशचा चेहरा संतापानं लाल झाला होता.

"आमी एवढं केलं तरी शिवला न्हाई. तू काय कबूल केलंस?"

सोनीबाईनं त्याच्याकडं सरळ बघितलं.

"म्हणलं, गेणू, तुला मी मारलं, ते आजच चौकीत सांगते."