गुरुवारची ओपीडी

"लगन होईपर्यंत तरी या गोळ्या बंद करा, डॉक्टरसाहेब," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या आचलने कपाळाला हात लावला.

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत अख्ख्या बसमध्ये आईचं हेच गुऱ्हाळ चाललं होतं. लग्न महिन्यावर आलं. सासरी पर्समध्ये पाकीट सापडलं तर काय सांगायचं? पोरगी आता चांगली ठणठणीत आहे, मग गोळ्या हव्यात कशाला? समजावून समजावून आचलच्या तोंडाला फेस आला. अगं, ठणठणीत आहे ती गोळ्यांमुळेच! दोन वर्षांपूर्वी ती सहा दिवस डोळ्याला डोळा न लावता गच्चीवरून गल्लीला भाषणं देत होती, आणि त्यानंतर तीन महिने अंथरुणातून उठली नव्हती. घरच्यांनी बाहेरचं काही असेल म्हणून आधी लिंबं उतरवली. सगळे उपाय थकले तेव्हा कुठे या मानसोपचारतज्ज्ञांकडे आणलं. त्यांनी तासभर बसवून सगळं विचारलं, आजाराला नाव दिलं, गोळी दिली. आज आचल शाळेत दहावीला गणित शिकवत होती.

"बंद होणार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "बंद केल्या तर ऐन मांडवात त्रास होईल. आणि होणाऱ्या नवऱ्याला सांगून टाका."

"मी तर कधीच सांगितलं असतं," आचल तडकली. "हिनं मले स्वतःच्या जिवाची आन घातली!"

"सांगतलं की लगन मोडलंच समज," वच्छलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "अन् साहेब, आता अकोल्यालेबी येनं जमत नाही. व्याही अथलेच हायेत. रस्त्यात भेटले म्हंजे?"

दीड वर्ष हाच तमाशा. अमरावतीत कोणाला कळू नये म्हणून दर महिन्याला अकोल्याची वारी. शेजारणींना सांगायचं, मावशीकडे चाललो. अकोल्यात मावशी औषधालाही नव्हती. आणि दवाखान्यात पाहावं तर निम्मी अमरावती तोंडाला दुपट्टा गुंडाळून बसलेली, एकमेकींना न ओळखल्यासारखी!

"मग अमरावतीतच या ना," डॉक्टर म्हणाले. "दर गुरुवारी मी तिथे बसतो."

"अमरावतीत? बाप्पा! साऱ्या गावाले दिसन!"

"अमरावतीचं एकही माणूस तिथे येत नाही, बाई. मी सांगतो ना."

वच्छलाबाईंचा जीव भांड्यात पडला. मग तिथे येतं कोण, हे विचारायचं काही त्यांना सुचलं नाही.

आचलला मात्र धास्ती वेगळीच होती. आठ दिवसांपासून होणारा नवरा किशोर फोनवर तुटक बोलत होता. हो, नाही, ठेवतो. त्याला कुठून तरी कळलं, तिने मनाशी धरलं. सांगितलं नाही याचाच त्याला राग आला असणार. मुलगा तिला मनापासून आवडला होता, आणि आईच्या त्या शपथेपायी तो हातचा जाणार होता. रडावं की आईशी भांडावं, हेच तिला कळेना.

गुरुवारी दोघी गेल्या. हॉल गच्च भरलेला. वच्छलाबाईंनी एक एक चेहरा निरखून घेतला आणि कानात म्हणाल्या, "पाह्य, एकबी वयखीचा नाही!"

तेवढ्यात समोरच्या बाकावरच्या माणसाने तोंडापुढचा पेपर खाली घेतला. खुशालराव. आचलचे होणारे सासरे. त्यांच्या बाजूला डोळ्यांपर्यंत रुमाल बांधून किशोर बसला होता.

"विहीणबाई, तुमी?" खुशालराव चाचरले. "आमी अथी जरा... एका पाहुन्याले पाहाले आलतो."

"आमीबी," वच्छलाबाई म्हणाल्या.

म्हणजे अमरावतीकरांनी अकोल्याला पळायचं आणि अकोलेकरांनी अमरावतीला! एसटीची तेवढी चंगळ. आचलला हसू फुटणारच होतं. पण किशोरने रुमाल सोडला आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. डोळे लालभडक. गुडघा एकसारखा हलत होता. असे डोळे तिने आरशात पाहिले होते.

"किती दिवस झोपले नाही?" तिने सरळ त्यालाच विचारलं.

"पाच."

"अन् गोळ्या?"

किशोरने बापाकडे पाहिलं. "बाबा म्हनले, लगनापर्यंत बंद ठेव. आता तर बरा हायेस."

आचलचा संताप मस्तकात गेला. तेच वाक्य! दोन गावं, दोन घरं, आणि अक्कल मेली एकाच दुकानातून आणलेली! खुशालराव पेपरच्या घड्या घालत बसले.

"चार नंबर!" कंपाउंडरने हाक मारली. चार नंबर आचलचा होता.

वच्छलाबाईंनी लेकीचं मनगट धरलं. "आत नको जाऊ. चाल घरी." मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात खुशालरावांना म्हणाल्या, "तुमी फसवलं आमाले! पोट्ट्याच्या डोक्यात बिघाड, अन् एका शब्दानं सांगतलं नाही? असल्या घरी मी माही पोरगी देत नाही!"

किशोरने मान खाली घातली. हॉलमधले सगळे आचलकडे पाहू लागले.

"चार नंबर कोन हाय?" कंपाउंडर पुन्हा ओरडला.

आचलने आईच्या हातातून मनगट सोडवून घेतलं, किशोरचा दंड धरून त्याला उभं केलं आणि म्हणाली, "माझा नंबर आमच्या ह्यांले द्या, दादा."